लेगगार्डचा खालचा टेका

चंद्रपुरात मूल रोडवरच्या माझ्या गॅरेजसमोर माणूस गाडी उभी करतो, हेल्मेट काढतो, प्यायला पाणी मागतो आणि मग विचारतो, "भाऊ, हा गार्ड ठेवू की काढू?" हा प्रश्न मी आयुष्यभर इतक्यांदा ऐकला आहे की आता विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, गाडीच्या पोटाकडे पाहतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. त्याला फक्त कुणीतरी मान डोलवायला हवं असतं. मी मान डोलवत नाही. म्हणून माझ्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वाद जास्त, असं माझी बायको म्हणते, आणि तिचं काही चूक नाही.

ज्यांनी मोटरसायकलकडे कधी वाकून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, चालवणाऱ्याच्या नडग्यांच्या पुढे, एक वाकवलेला पाइप असतो. आमच्याकडे त्याला लेगगार्ड म्हणतात. ताडोब्याचा वाघ पाहायला मोठमोठ्या टुरिंग गाड्यांवर येणारे लोक त्याला क्रॅश गार्ड म्हणतात. काम एकच. गाडी पडते ती कुशीवर पडते. पडल्यावर गाडी आणि जमीन यांच्यात वीतभर फट राहिली पाहिजे आणि त्या फटीत आपली नडगी मावली पाहिजे. बाकी सगळी शोभा.

गार्ड बनवणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. पोकळ पाइप नुसता वाकवला तर वळणावर चपटा होतो आणि पहिल्याच पडण्यात तिथून मोडतो. म्हणून मी कोरडी चाळलेली वाळू पाइपात ठोकून भरायचो, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायचो, वळणाची जागा भट्टीत लाल करायचो आणि साच्याभोवती हळूहळू वाकवायचो. वाळू पाइपाला आतून धरून ठेवते. ती जरा ओली राहिली तर आत वाफ कोंडते आणि खुंटी सुसाट उडते. माझ्या भिंतीत अशा एका खुंटीचा खड्डा अजून आहे.

तरीही खरं काम पाइपाचं नाही, खालच्या टेक्याचं. गार्ड वरून फ्रेमला क्लॅम्पने आवळलेला असतो आणि तेवढ्यानं तो ताठ दिसतो. पण गाडी पडली की पाइप त्या क्लॅम्पभोवती फिरतो आणि मागे येतो. मागे आपली नडगी असते. म्हणून दोन्ही बाजूंनी खालून, इंजिनाखालच्या फ्रेमपर्यंत, एकेक टेका द्यावा लागतो. हा टेका कुणाला दिसत नाही. त्याला रंग लावला काय नि न लावला काय, कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं मी लोकांना हा न दिसणारा टेका समजावत आलो आणि लोक मला विचारत आले, "भाऊ, यात काळा कलर भेटन का?"

आमच्या भागात गार्ड म्हणजे नुसता गार्ड नसतो. नवी गाडी आली की पहिल्यांदा तिच्या गार्डाला रंगीत नायलॉनची दोरी गुंडाळायची. लाल-हिरवी, पिवळी-निळी, अगदी गच्च, पाइप दिसता कामा नये. दसऱ्याला झेंडूची माळ त्यालाच. रोवणीच्या दिवसांत धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या दोन्ही बाजूंनी त्यालाच बांधायच्या, मग इंजिनाला वारा लागत नाही आणि गाडी बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, काठावर उकळून उभी राहते. एकाने गार्डाला बोकड बांधून आणला होता. बोकड ठीक होता, गाडी बिघडली होती. अशा लोकांवर मी ओरडायचो, पण मनातून मला ते आवडायचे. ते गार्ड वापरत होते. पुजत होते, लादत होते, पडल्यावर त्याच्या भरवशावर उठत होते.

माझं सगळं शहाणपण मात्र एकाने एका वाक्यात उतरवलं. अहेरीच्या पलीकडे जंगलात त्याचं गाव, नाव रैनू. दवाखान्याच्या कामाने चंद्रपूरला आला होता. म्हणाला, "दादा, हा गार्ड कापून टाक." मी नेहमीचं भाषण सुरू केलं. नडगी, फट, टेका. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुह्या रोडवर गाडी पडते. आमच्या वाटेनं गाडी पडत नाई, अटकते." मला पटलं नाही, पण गिऱ्हाइकाची गाडी, मी कापून दिला. पुढे एकदा त्याच्या गावाकडे एक बंद पडलेली गाडी आणायला गेलो तेव्हा पाहिलं. पायवाटेच्या दोन्ही अंगांना तोडलेल्या बांबूचे खुंट, गुडघ्याएवढे. रुंद गार्ड त्यात अडकला तर हँडल फिरणार आणि माणूस पुढे फेकला जाणार. तेव्हापासून मी आधी विचारतो, "जाऊन कुठी राह्यले?" रस्ता कळल्याशिवाय ठेवा किंवा काढा म्हणणारा मेकॅनिक लबाड समजावा. टुरिंगवाल्यांना मी हे सांगतो तेव्हा ते मोबाइलमध्ये पाहतात, असं दुसऱ्या कुणी म्हटलंय का म्हणून.

मोबाइलवरून आठवलं. ताडोब्याकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यावर चितळांचा कळप आडवा आला आणि नागपूरचा एकजण बायकोसकट पडला. गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. बाई माझ्या बाकावर बसली, कोपराला ओढणी गुंडाळलेली, ओढणीला रक्त. हा पठ्ठ्या उकिडवा बसून इंजिनाचे फोटो काढतोय. "भाऊ, बघा! एक ओरखडा नाही इंजिनला! गार्ड ठेवला ते किती बरं केलं!" माझी बायको आतून पाणी आणि स्वच्छ फडकं घेऊन आली. ती बाई माझ्या बायकोला म्हणाली, "यांना विचारा हो ताई, मी कुठल्या बाजूला पडले ते." त्याला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून क्रॅश गार्ड हा शब्द मला आवडत नाही.

हे सगळं गमतीचं झालं. आता मारोतीबद्दल सांगतो.

मारोती माझ्याच गावचा, गोंडपिपरीकडचा. शाळेत आम्ही एका बाकावर. मी वेल्डिंग शिकलो, तो गाडी शिकला. चंद्रपूरच्या औषधांच्या दुकानांचे खोके आष्टी, आलापल्ली, अहेरीपर्यंत मोटरसायकलवर पोचवायचं काम त्याने अर्धं आयुष्य केलं. मागे खोके, पुढे टाकीवर खोके, मध्ये मारोती. त्याच्या गाडीचा गार्ड माझ्या हातचा होता. गिट्टीवर पडला, शेणावर घसरला, रानडुकराला धडकला. दरवेळी उठायचा, पँट झटकायचा, पुढे जायचा. चहाच्या टपरीटपरीवर सांगत फिरायचा, "गजूचा गार्ड हाये, म्हून पाय आपला हाये." त्याच्या तोंडून ऐकून मास्तर आले, वनरक्षक आले, दवाखान्यातल्या बाया आल्या. माझ्या दुकानाला पाटी नव्हती, मारोती होता. मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

मग औषधांचे खोके चारचाकी गाड्यांनी जायला लागले आणि मारोतीचं काम गेलं. त्याच सुमारास माझ्या गॅरेजच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, एका शेठने टुरिंग गाड्या भाड्याने द्यायचं दुकान टाकलं. लोक रेल्वेने उतरतात, गाडी घेतात, आधी मोहर्लीला जाऊन वाघ पाहतात, मग ज्यांना हौस असते ते खाली गडचिरोलीच्या जंगलातून अहेरीपर्यंत जातात. शेठला पुढे गाडी चालवणारा माणूस हवा होता, रस्ता माहीत असलेला. मारोतीपेक्षा तो रस्ता कुणाला माहीत होता? त्याला काळं जाकीट मिळालं, मोठी गाडी मिळाली. जुनी गाडी त्याने विकून टाकली, माझ्या गार्डासकट. जाकीट घालून तो मला दाखवायला आला तेव्हा आम्ही दोघंही पोरांसारखे हसलो.

शेठच्या गाड्यांना गार्ड होते आणि दिसायला देखणे होते. काळे कुळकुळीत, वर दिवे बसवलेले. मी एकदा सहज खाली वाकून पाहिलं आणि दचकलो. एकाही गाडीला खालचा टेका नव्हता. गार्डाला टेक्याची भोकं होती, पण टेके नव्हते. शेठला विचारलं तर तो म्हणाला, "टेके गोडाऊनमध्ये पोत्यात आहेत गजूभाऊ. तिथं खाली प्लेट बसवायची होती, दुकानाच्या नावाची. दोन्ही मावत नव्हते."

"एकतर प्लेट काढून टेके लावा," मी म्हटलं, "नाहीतर गार्डच काढून टाका. गार्ड नसला तर चालवणाऱ्याला ठाऊक असते आपल्याले काही नाई, तो जपून चालवते. हा असा गार्ड असला का तो भरवशावर राह्यते."

"गार्डशिवाय टुरिंग गाडी दिसते कशी? फोटो तरी कोण काढील?"

मारोती तिथेच होता. तो हसून म्हणाला, "अबे गजू, तुले दुसऱ्याच्या हातचा गार्ड सहनच होत नाई." सगळे हसले. मीही हसलो, कारण त्यात थोडं तथ्य होतंच. पण मारोतीच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. त्याला वाटायचं, गार्ड म्हणजे गार्ड. अर्धं आयुष्य तो माझ्या गार्डावर पडत आला होता आणि त्याचा भरवसा माझ्या पाइपावर नव्हे, सगळ्याच पाइपांवर बसला होता. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. मी इतकं चांगलं काम केलं नसतं तर तो अधिक जपला असता.

आष्टीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. मारोती पुढे, मागे पर्यटकांच्या गाड्या. गिट्टीवरून वळताना गाडी कलली, माणूस पळेल एवढाच वेग. मागचे लोक सांगत होते की पडल्यासारखं वाटलंच नाही, गाडी हळूच आडवी झाली. अशा पडण्यातून मारोती आयुष्यभर उठत आला होता. यावेळी उठला नाही. गार्ड क्लॅम्पभोवती फिरून मागे आला होता आणि त्याची नडगी गार्ड आणि इंजिन यांच्यामध्ये धरली गेली होती. लोकांनी गाडी उचलली तरी पाय सुटेना. शेवटी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून गार्ड पुढे रेटला तेव्हा सुटला.

गाडी माझ्याकडे आली. आमच्या धंद्यात हे असंच असतं, माणूस दवाखान्यात जातो आणि गाडी आपल्याकडे येते, मग आपण गाडीवरून माणसाचं काय झालं ते वाचायचं. गार्ड मागे दुमडलेला. क्लॅम्पचा बोल्ट तुटलेला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाकळ्यांत मारोतीच्या पँटीची चिंधी. मी ती पक्कडीने ओढून काढली. शेठ मागे उभा होता.

"इंजिनला काही लागलं नाही ना?" त्याने विचारलं.

मी तुटलेला बोल्ट त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "नशीब म्हणायचं, गार्ड होता." त्याच्या तोंडात हे वाक्य तेव्हाच पक्कं बसलं, मला वाटतं. माणूस पहिल्यांदा घाबरून जे बोलतो तेच पुढे खरं करत बसतो.

डॉक्टरांनी पाय वाचवला. आत सळई टाकली, पण घोटा वाकेना आणि पाय किंचित आखूड झाला. मी भेटायला गेलो तेव्हा मारोतीने छताकडे पाहत एकच विचारलं, "खालून टेका नोयता ना बे?" मी म्हटलं, "नोयता." त्याने मान हलवली. त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला आणि ती खिडकीकडे वळली. आम्ही मग पावसापाण्याचं बोललो.

मी शेठकडे गेलो. म्हटलं, पोत्यातले टेके द्या, मी सगळ्या गाड्यांना बसवून देतो, मजुरीचं नाव काढणार नाही. शेठ वाईट माणूस नाही, हे मुद्दाम लिहितो. दवाखान्यात तो रोज गेला, डबा पाठवला. पण टेक्यांचं ऐकून त्याचा चेहरा आक्रसला. "गजूभाऊ, आता लावले तर लोक विचारतील, आधी का नव्हते? मग मी काय सांगू?" मी म्हटलं, खरं ते सांगा. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी काहीतरी अश्लील बोललो आहे. म्हणजे ज्या कारणाने टेके लावायला हवे होते, त्याच कारणाने ते कधीच लागणार नव्हते. गाड्या तशाच राहिल्या, काळ्या कुळकुळीत.

मारोती चालायला लागल्यावर शेठने त्याला दुकानाच्या दारात खुर्ची दिली. गाड्या पुसायच्या, गिऱ्हाइकाला रस्ता समजावून सांगायचा, हेल्मेट काढून द्यायचं. पहिल्याच दिवशी तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला, घोटा न वाकवता, पाय बाहेरून फिरवत. बाकावर बसला.

"शेठनं काम देल्लं," तो म्हणाला.

"बरं झालं."

"एक गोष्ट बोलाची हाये म्हंते. गिऱ्हाइकानं पायाचं इचारलं, तं सांगाचं, गार्ड होता म्हून पाय वाचला. नाई तं म्हंते, दुकानाच्या दारात लंगडा मानूस बसवून मी लोकायले काय सांगू?"

मी हातातला पाना फडक्याने पुसत राहिलो. तो पुढे म्हणाला, "तू काई बोलू नको म्हनत नाई मी. तुहं तू बोल. पन मले काई इचारू नको, गजू."

त्या दिवसापासून मी ते वाक्य ऐकतो आहे. मूल रोड काही फार रुंद नाही. मारोती शुद्ध बोलायला शिकला आहे, पुण्या-मुंबईच्या लोकांना समजेल असं. "हा गार्ड होता म्हणून माझा पाय वाचला." मग तो पँटीचा पाय जरासा वर करून सळईची खूण दाखवतो. लोक हळहळतात, गार्डावर थाप मारतात, फोटो काढतात. मला पहिल्यांदा राग आला, मग कीव आली, आणि मग पुन्हा राग आला. राग शेठचा नाही. लोकांना खरा टेका दिसत नाही आणि मोडलेला पाय लगेच दिसतो, याचा राग आहे.

एकदा पुण्याचं एक जोडपं आलं. दोघांनी दोन वेगळ्या गाड्या घेतल्या होत्या. बाई हुशार होती. निघायच्या आधी गाडीला हवा मारायला माझ्याकडे आली आणि तिनेच विचारलं, "काका, आम्ही अहेरीपर्यंत जाणार आहोत. हे क्रॅश गार्ड ठेवलेले बरे की काढलेले? वजन उगाच वाढतं म्हणतात." मारोतीही तिच्यासोबत आला होता, हेल्मेट घेऊन. मी हवेचा पाइप खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा प्रश्न इतका नीट कुणी विचारला नव्हता.

"काढा," मी म्हटलं. "हा गार्ड खालून मोकळा हाय. गाडी पडली तं मागे येईल आणि तुमचा पाय धरेल. दोन बोल्ट आहेत, आत्ता काढून देतो. परत आल्यावर लावून देईन, शेठला कळणारही नाही."

ती वाकून पाहायला लागली. तिचा नवरा मात्र मारोतीकडे वळला. "दादा, तुमचं काय म्हणणं? तुमचा तर अनुभव आहे."

मारोतीने माझ्याकडे पाहिलं नाही. हेल्मेटची काच अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, "हा गार्ड होता म्हणून माझा पाय वाचला, साहेब. गजूभाऊ चांगले कारागीर आहेत, पण त्यांचं काम जुन्या पद्धतीचं. त्यांना नवीन गार्ड पटत नाहीत."

झालं. चाळीस वर्षांचं माझं ज्ञान एका लंगड्या पायापुढे फुकट गेलं. बाई उठून उभी राहिली, हात झटकले, आणि मला म्हणाली, "थँक यू काका. पण ज्यांच्यावर प्रसंग आलाय, त्यांचंच ऐकलं पाहिजे ना?" ती बोलली ते अगदी बरोबर होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. ते गेले, वळणावर नवऱ्याने दोन्ही पाय गार्डावर ठेवून लांब केले, आरामखुर्चीत बसावं तसे.

ते परत येईपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. आष्टीकडून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोत गाडी घातलेली आहे का ते पाहत होतो. ते परत आले, धडधाकट, उन्हाने काळवंडलेले, खूश. मला खरोखर हायसं वाटलं. बाई मुद्दाम माझ्याकडे आली, पेढ्याचा पुडा दिला आणि म्हणाली, "काका, उगाच घाबरवलंत हो आम्हाला." मी पेढा खाल्ला. पडलेला एक मारोती शेठच्या बाजूने साक्ष देतो, आणि न पडलेले सगळेही शेठच्याच बाजूने साक्ष देतात. माझ्या बाजूने साक्ष द्यायला कुणाला तरी पुन्हा आडवं व्हावं लागेल, आणि तसं कुणाचं व्हावं असं मला वाटत नाही. मग मी भांडू तरी कशाच्या जोरावर?

मारोतीशी मी बोलणं सोडलं. तो खुर्चीवर बसायचा, मी भट्टीपाशी. भट्टीही विझलेलीच होती, कारण आता हातचे गार्ड कुणी करून घेत नाही. तयार गार्ड खोक्यात घरपोच येतो. मी पंक्चर काढतो, चेन बदलतो आणि गाडीची साखळी सैल झाली म्हणून नवं इंजिन सुचवत नाही, एवढाच माझा नावलौकिक उरला आहे.

परवा, म्हणजे याच दिवाळीच्या आधी, मारोती एक नवीकोरी गाडी ढकलत रस्ता ओलांडून आला. चालवत आणता आली नाही, घोटा गिअरवर वळत नाही म्हणून. मागून त्याची मुलगी शीतल. लहानपणी माझ्या दुकानात बेअरिंगच्या गोळ्यांनी खेळायची ती. नर्स झाली आहे, अहेरीकडच्या एका उपकेंद्रात लागली आहे. आजूबाजूच्या पाड्यांवर बाळंतिणी पाहायला, लसी द्यायला गाडीनेच फिरायचं, म्हणून गाडी घेतली.

"काका, गाडी पाहून घ्या," ती म्हणाली आणि माझ्या बायकोला भेटायला आत गेली.

गाडीला दुकानातून बसवून आलेला गार्ड होता. काळा, चकचकीत, तसलाच. मारोतीने त्यावर हात ठेवला आणि रस्त्यातला दगड ढकलावा तसा तो ढकलून पाहिला. गार्ड हलला.

"हा काढ," तो म्हणाला. "तुह्या हातचा लाव. दोन्हीकून खालून टेका पायजे."

इतके महिने साठलेलं माझ्या तोंडातून निघालंच. "काऊन? हा गार्ड पाय वाचवते ना? तूच तं सांगून राह्यला रोज."

त्याने गार्डावरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "पोट्टी हाय, गजू."

"आन् ते जे गाड्या घेऊन जाऊन राह्यले, त्या कोनाच्या पोट्ट्या नाईत?"

"हायेत ना." त्याने आता माझ्याकडे पाहिलं. "म्हून तं तू सांगत राय. मी नाई म्हनत राहीन, मले म्हनाच लागते. पन तू सोडू नको. दहातल्या एकानं तुहं आयकलं, तं मले घरी जाऊन झोप येते. त्या पुन्याच्या बाईच्या टायमाले मले वाटलं होतं, तिनं तुहं आयकाव."

मी त्याला शिव्या देणार होतो. तोंडावर आल्याही होत्या. पण दिल्या नाहीत. पत्र्याच्या डब्यातली वाळू उन्हात पसरून कोरडी केली, चाळली, पाइपात ठोकून भरली, भट्टी पेटवली. दोन दिवस लागले. हात पूर्वीसारखे राहिले नाहीत, वळण एका बाजूला किंचित जास्त गेलं, ते पुन्हा तापवून सरळ केलं. पाड्यांच्या वाटेवर बांबूचे खुंट असतील हे रैनूने शिकवलं होतं, म्हणून गार्ड रुंद केला नाही, अंगाशी ठेवला. टेके दोन्ही बाजूंना, जाड, इंजिनाखालच्या फ्रेमपर्यंत. काळा रंग मात्र लावला. शीतल तरुण मुलगी आहे, तिलाही चारचौघांत गाडी चांगली दिसावीशी वाटणारच.

गाडी न्यायला मारोती एकटाच आला. त्याला उकिडवं बसता येत नाही, म्हणून तो सरळ जमिनीवर बसला, मोडका पाय पुढे पसरून. दोन्ही हातांनी गार्ड धरला आणि सगळा जोर लावून मागे ओढला. पुढे रेटला. परत ओढला. गाडी स्टँडवर डगमगली, पण गार्ड हलला नाही. मग त्याने हात खाली घातला आणि टेका चाचपला, या बाजूचा, मग त्या बाजूचा. बोट फिरवत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

"हलत नाई," तो म्हणाला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून शेठची हाक आली. "मारोतीभाऊ, जरा या. कस्टमर आलेत."

त्याने माझ्याच गार्डाला धरून स्वतःला वर ओढलं. पँट झटकली, मोडक्या पायावरून सरळ केली आणि पाय फिरवत रस्ता ओलांडला. समोर दोन मुली हेल्मेट घेऊन उभ्या होत्या, शीतलच्याच वयाच्या. मी टॉमी हातात घेऊन दारात आलो, बोल्ट उघडायचे पाने खिशात घातले, आणि त्या इकडे पाहतील म्हणून थांबलो. मारोतीचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

"हा गार्ड होता म्हणून माझा पाय वाचला, ताई."